पेन्सिल खाणारी मुलं

पाटीवरची पेन्सिल खाणारं एखादं तरी मूल पहिली-दुसरीच्या वर्गात असतंच. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं मी खालचे वर्ग शिकवले. त्यातली पहिली एकोणीस वर्षं मी या मुलांच्या हातावर पट्टी मारत आले. "आ कर," म्हटलं की मूल तोंड उघडायचं आणि जिभेवर राखाडी लगदा दिसायचा. फळ्याकडे वळलं की पुन्हा मागून कुरकुर आवाज यायचा. काही मुलं खडू खायची, काही भिंतीचे पोपडे सोलून तोंडात टाकायची, वळवाची पहिली सर पडली की काही मैदानातली ओली माती बोटानं चाटायची. आम्ही शिक्षक त्याला खोड म्हणत होतो. पालकसभेत आयांना बजावत होतो, "लक्ष द्या जरा, पोटात जंत होतील."

२०१४ साली माझ्याकडे दुसरी होती. शाळा बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा तालुक्यात. या भागातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढे-मागे परततात. मुलं आजीकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात जेवतात. त्या वर्गात भिंतीकडेला बसणारा एक मुलगा होता. आठवड्याला त्याला तीन पेन्सिली लागायच्या आणि लिहून एकही झिजलेली नसायची. सकाळी दहा वाजता परिपाठाला उभा राहिला की तो शेजारच्या पोराच्या खांद्यावर रेलायचा. अकरा वाजता त्याचे डोळे मिटायला लागायचे. "तीन, सात, चार, माझ्यामागं म्हण," म्हटलं तर "तीन" म्हणून थांबायचा. दुपारची खिचडी पोटात गेली की तासभर त्याच्यात जीव यायचा, मग कुणाला चावायचा, कुणाचं दप्तर उलटं करायचा, आणि चारच्या सुमारास पुन्हा भिंतीला टेकायचा. त्याच्या नोंदीत शेऱ्याच्या रकान्यात "अवधान नाही, खोडकर" असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

त्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. एकेका मुलाची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघत होत्या. या मुलापाशी आल्या, पापणी ओढली आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "हा पेन्सिल खातो का?"

मी चमकले. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून पापणीची आतली बाजू दाखवली. जिथं लालसर गुलाबी दिसायला हवं तिथं फिकट, जवळजवळ पांढरं होतं. नखं दाबून सोडली तर रंग परत यायला वेळ लागत होता. "बाई, याला रक्तच नाही," त्या म्हणाल्या. "हा काय लक्ष देणार?"

ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघालं. या वयात ते साडेअकराच्या वर हवं. जंताचं औषध झालं, लोहाचं औषध सुरू झालं. मुलगा आजीकडे होता. चौथ्या दिवशी आजी घाबरून शाळेत आली. "बाई, पोराला काळं व्हाया लागलं." लोहाच्या औषधानं शी काळी होते, घाबरू नका, बंद करू नका, एवढं तिला समजावायला मला अर्धा तास लागला. औषध तिनं चालू ठेवलं यासाठी मी त्या माउलीची आजही ऋणी आहे.

अडीच-तीन महिन्यांनी त्याची एक पेन्सिल आठवडाभर पुरायला लागली.

लोह कमी पडलेल्या शरीराला माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं. डॉक्टर त्याला पायका म्हणतात. रक्त भरून आलं की ती ओढ बहुतेकदा आपसूक जाते. हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं, डी.एड.च्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांच्या हातावर मी पट्टी मारली ती सगळी मुलं तेव्हापासून एकेक करून आठवत राहतात.

गोष्ट इथंच संपली असती तर लोहाच्या गोळ्या वाटा, एवढं सांगून मी थांबले असते. पण तो मुलगा त्यापुढेही तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. चावणं थांबलं, दिवसा झोपणं थांबलं, लंगडीत तो चांगला खेळायला लागला. पाढे मात्र त्याला आलेच नाहीत. सातचा पाढा सोमवारी पाठ व्हायचा आणि बुधवारी पुसला जायचा. वाचायला शिकला, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात हरवायची. मी त्याला शाळा सुटल्यावर बसवून घेतलं, आगपेटीच्या काड्या मांडल्या, चिंचोके मांडले. रक्त भरून निघालं होतं, तरी काहीतरी आधीच निसटून गेलं होतं. कुठं निसटलं ते त्याच्या आईनं सांगितलं.

ती पाडव्यानंतर कारखान्यावरून परतली आणि औषधाचं कळलं म्हणून भेटायला आली. पेन्सिलीचा विषय निघाला तशी हसली. "माझ्यावरच गेलंय बाई. हा पोटात असताना मी चुलीची माती खायची. भाजकी माती लई गोड लागायची. सासू म्हणायची, डोहाळे हायेत, खाऊ द्या."

मग मी तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. पोटुशी होती तेव्हा पहाटे चारला उसाच्या फडात जायचं. निघताना गुळाचा कोरा चहा. अकराच्या सुमारास भाकरी आणि ठेचा, कधी कांदा. रात्री कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परत भाकरी आणि पातळ डाळ. आधी नवरा, दीर, सासरा, मग ती. दूध बघायला मिळत नव्हतं. कारखान्यावर अंगणवाडी नव्हती, नाव गावात आणि बाई दोनशे मैलांवर. "पोट रिकामं असलं की मोळी उचलायला हलकं वाटायचं," असंही ती म्हणाली. हा मुलगा कोपीतच जन्मला. वजन कुणी केलंच नाही. तिनं दोन्ही तळहात एकमेकांशेजारी धरून मला दाखवलं, एवढाच होता.

पोटातल्या बाळाला लोहाचा साठा आईकडून मिळतो आणि त्यातला बराचसा शेवटच्या तीन महिन्यांत. त्या साठ्यावर बाळानं पहिले सहा महिने काढायचे असतात, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. आईच्याच अंगात रक्त नसेल तर बाळ जन्मतः रिकामी शिदोरी घेऊन येतं. त्यात मेंदूची वाढ याच काळात सगळ्यात वेगानं होत असते; दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा झालेला असतो. मज्जातंतूंवर जे वेष्टण चढतं, ज्यामुळे निरोप झपाट्यानं इकडून तिकडे जातात, त्याला लोह लागतं, बी-१२ लागतं. ते ज्या महिन्यांत चढायचं त्या महिन्यांत माल मिळाला नाही, तर सात वर्षांनी दिलेल्या बाटलीनं ते काम पूर्ण होईलच असं नाही.

बेट्सी लोझॉफ या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी कोस्टारिकात नेमकी अशीच मुलं वर्षानुवर्षं पाहिली. एक ते दोन वर्षं वयाची, रक्त कमी असलेली. ही बाळं आईला चिकटून राहायची, नव्या खेळण्याकडे हात करायची नाहीत, लवकर थकायची. त्यांना लोह दिलं, रक्त सुधारलं. दहा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा गणितात आणि लिखाणात ती बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे होती, जास्त वेळा नापास झालेली होती, आणि आईवडील व शिक्षक दोघांनीही त्यांच्या लक्ष न लागण्याच्या, वागणुकीच्या तक्रारी जास्त सांगितल्या. हे वाचलं तेव्हा मला माझाच शेरा आठवला. अवधान नाही, खोडकर.

आपल्या मातीतलं कामही काही कमी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आहार त्या गरोदर राहण्याच्याही आधीपासून नोंदला, आणि मग त्यांच्या मुलांना मोठं होताना पाहिलं. शेतात राबणाऱ्या, किरकोळ अंगाच्या बायका. ज्यांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जास्त भरली. निम्म्याहून अधिक बायकांत बी-१२ कमी निघालं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या काहींच्या अवधानाच्या आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ अगदी कमी होतं ती मुलं, भरपूर बी-१२ असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा, लक्ष टिकवण्याच्या चाचणीत संथ पडली. आणि सांगितलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणून दाखवण्यात मागे राहिली. तीन, सात, चार. चार, सात, तीन. माझ्या वर्गात मी जो खेळ घेत होते तसाच.

बी-१२ वनस्पतीत नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातूनच येतं. आणि गरोदर बाईच्या ताटातून आपण नेमकं तेच उचलून घेतो. दही थंड पडतं, अंडं उष्ण पडतं, दूध डेअरीला घालायचं असतं. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल," हे वाक्य मी शिकलेल्या घरांतही ऐकलं आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं, पाच फळांनी ओटी भरायची, फोटो काढायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून बाईनं सगळ्यांचं झाल्यावर खरवडलेल्या भांड्यात जेवायचं. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंत झाल्यावर मिळतात. अळिवात लोह चांगलं असतं, म्हणजे ते कुणाला द्यायचं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तीच काळजी सहा महिने आधीपासून घ्यायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

पुढची चूक उष्टावणानंतर होते आणि ती प्रेमापोटी होते. सहा महिन्यांच्या बाळाला आपण वरणाचं पाणी देतो. वरचं पाणी. डाळ खाली राहते, ती घरची मोठी माणसं खातात. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं की ते झोपतं आणि आपल्याला वाटतं, जेवलं. मी अंगणवाडीत आयांसमोर चमचा तिरका करून दाखवायची. चमच्यावरून जे घसरून पडतं ते बाळाला पुरत नाही. चमच्यावर टिकतं ते द्या. घट्ट वरण, त्यात तुपाचा थेंब, कुस्करलेली पालेभाजी, शेवग्याचा पाला, खाणाऱ्या घरात अंड्याचा बलक. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम अकरा टक्के निघाली. याच पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी एकोणसत्तरांत रक्त कमी आढळलं आणि शंभर बायकांपैकी चौपन्न जणींत. शंभरातली एकोणसत्तर म्हणजे माझ्या तीस मुलांच्या वर्गात वीस-एकवीस.

ही नुसती गरिबांची गोष्ट आहे असं कुणी समजू नये. माझी बहीण पुण्यात राहते. तिचा नातू दोन वर्षांचा, घरात कशाची कमी नाही. "आमचा नुसत्या दुधावर आहे, दिवसाला पाच बाटल्या घेतो, बाकी काही तोंडात घेत नाही," हे ती कौतुकानं सांगत होती. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि दुधानंच पोट भरलं की बाकीचं जेवण आत जात नाही. तो नातूही फिकट होता, चिडचिडा होता, रात्री चारदा उठायचा. तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरांनी दूध दोन कपांवर आणलं. शहरातल्या डब्यांत मी काय बघते? बिस्किटं, खारी, रंगीत पाकिटातलं काहीतरी. सकाळी चहात बुडवलेला टोस्ट खाऊन मूल शाळेत जातं, आणि चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. भाकरी-पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त लागू पडतं. कडधान्याला मोड आणले तरी फरक पडतो. या गोष्टींना पैसा लागत नाही.

साखर खाल्ली की मुलं उधळतात, असं बऱ्याच आया सांगतात. तपासून पाहिलेल्या प्रयोगांत तसं काही निघालेलं नाही. साखर वाईट आहे ती दातांसाठी आणि जेवणाची जागा अडवते म्हणून. खाण्याच्या काही कृत्रिम रंगांबद्दल मात्र संशयाला जागा आहे. इंग्लंडात साउदम्प्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये काही मुलांत त्या रंगांनंतर चळवळेपणा वाढलेला नोंदला आणि २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांना जे मिळतं त्याच्याकडे निदान त्या नजरेनं बघायला हवं.

आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. "आईनं नीट खाल्लं नाही म्हणून पोरगं असं झालं," असं कुणी या लेखावरून म्हणणार असेल, तर त्यानं मला ऐकलंच नाही. त्या बाईच्या ताटात काय पडायचं हे तिच्या हातात नव्हतं. ते उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देणाऱ्याच्या, सासूच्या, कारखान्याच्या, सरकारच्या हातात होतं. आणि अन्न हेच सगळं आहे असंही नाही. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या बाळांच्या घरी दर आठवड्याला माणूस पाठवून, आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवलं, त्याचा गुण मुलं मोठी झाल्यावरही दिसला. भरल्या पोटाच्या मुलाशीही कुणीतरी बोलावं लागतं. पण रिकाम्या पोटाच्या मुलाशी मी वर्षानुवर्षं बोलून पाहिलं आहे.

म्हणून आता अंड्याबद्दल बोलते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक उकडलेलं अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलाला केळं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण शाळा घराजवळ, म्हणून अंड्याच्या दिवशी मुद्दाम जायची. स्वयंपाक करणाऱ्या ताई पातेल्यात अंडी मोजून सोडायच्या. त्या दिवशी पट भरायचा. सोलताना मुलं अंड्याला बोट लागू देत नसत, टरफल अख्खं निघावं म्हणून पैज लागायची. एक मुलगी पांढरं आधी खायची आणि पिवळा गोळा मुठीत धरून अर्धा तास फिरायची. त्या दिवशी दुपारच्या तासाला वर्गात शांतता असायची असं मी म्हणणार नाही, गोंगाटच असायचा, पण जागा गोंगाट. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं या अंड्याचे पैसे देणं थांबवलं. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. ज्या गावातले निम्मे लोक सहा महिने दुसऱ्याच्या फडात असतात त्या गावात लोकसहभाग कुणाकडून आणायचा?

एका अंड्याला पाच रुपये धरले होते. त्यात उत्तम प्रथिन आहे, बी-१२ आहे, मेंदूला लागणारं कोलीन आहे. अंड्यातलं लोह फारसं लागू पडत नाही हे मला माहीत आहे, त्यासाठी डाळ, पालेभाजी, गोळी आहेच. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्यातले पाचही दिवस अंडं असतं. कामराज मुख्यमंत्री असताना, पन्नासच्या दशकात त्यांनी शाळेत जेवण सुरू केलं. २०२२ पासून तिथं प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही देतात, कारण मूल अनाशेपोटी येतं हे त्यांनी मान्य केलं. आपण तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून २०२१ पासून मोहीम चालवतो, चाचण्या घेतो, गुण ऑनलाइन भरतो. त्या चाचणीला बसणाऱ्या मुलाचं आठवड्याचं एक अंडं काढून घेणं मला चुकीचं वाटतं, आणि ते सरकारनं परत द्यावं. एक नाही, निदान तीन द्यावीत. ज्यांच्या धर्मात, घरात अंडं चालत नाही त्यांना केळं, दूध द्यावं. त्या मुलांवर कुणी बळजबरी करू नये. पण न खाणाऱ्यांच्या नावानं खाणाऱ्यांच्या तोंडचं काढू नये.

दुसरी गोष्ट गरोदर बाईच्या ताटाची. राज्यातल्या आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत दिवसातून एक पूर्ण ताट, शिजवलेलं, गरम, आणि ती तिथंच बसून जेवते. तिथंच बसून, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरी नेलेलं पाकीट घरात वाटलं जातं. पुढ्यातलं ताट तिचं असतं. आमचा भाग त्या योजनेत बसत नाही. ऊसतोडीच्या तालुक्यांत ती आणावी, आणि गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर अंगणवाडी लावावी. बाई जिथं असेल तिथं तिचं ताट जायला हवं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला मिळतात पाच हजार, तेही हप्त्यांनी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं किमान सहा हजार देऊ केले होते. त्यानंतर तेलाचे, डाळीचे भाव कुठं गेले ते स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या कुणालाही विचारावं.

यात पैसा बुडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ग्वाटेमालाचं उदाहरण देते. १९६९ पासून काही वर्षं तिथल्या दोन खेड्यांत आयांना आणि लहान मुलांना प्रथिनांची पेज दिली, दुसऱ्या दोन खेड्यांत साधं गोड पेय. ती मुलं पंचवीस ते बेचाळीस वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा शोधून काढलं. ज्या मुलांना दोन वर्षांच्या आत पेज मिळाली होती, ते पुरुष झाल्यावर तासाला ४६ टक्के जास्त कमावत होते. मुली शाळेत एक इयत्ता जास्त शिकल्या होत्या. वाटीभर पेजेनं तीस-पस्तीस वर्षं साथ दिली.

यंदा नागपंचमीला त्या मुलाची थोरली बहीण माहेरी आली होती. तो माझ्या वर्गात होता त्या वर्षी ती पाचवीत होती, भावाचं दप्तर उचलून त्याला वर्गापर्यंत सोडायची. आता तिला चौथा महिना आहे. पाया पडली, ओट्यावर टेकली, आणि इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "बाई, मला बी भाजक्या मातीचा वास आला की राहवत नाही. सासू म्हणते डोहाळे हायेत."

मी तिला तशीच उठवून उपकेंद्रात नेलं. सिस्टरनी रक्त तपासलं, आठ पॉइंट सहा. गोळ्या दिल्या, रोज दोन, चहाबरोबर नाही, लिंबू-पाण्याबरोबर. शी काळी होईल हे मी आधीच सांगून ठेवलं. तिच्या गावच्या अंगणवाडी सेविकेला फोन करून नाव घातलं. आशाताई आठवड्याला जाऊन गोळ्यांची पाकिटं मोजते आहे. ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर निघेल, तेव्हा तिला सातवा महिना लागलेला असेल. तिला इथं ठेवून घ्या म्हणून मी तिच्या नवऱ्याशीही बोलले. मुलगा समजूतदार आहे, त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. कोयत्याची उचल त्यानं श्रावणाच्या आधीच घेतली आहे, दोघांच्या नावानं.